सुनावणी आणि आवाज

२०१४ सालची गोष्ट. माझी नेमणूक तेव्हा महाराष्ट्रापासून दूर, पूर्वेकडील एका राज्याच्या राजधानीत होती आणि महसुली प्रकरणांतील पुनरीक्षण अर्ज ऐकण्याचे काम माझ्याकडे होते. दूरच्या जिल्ह्यांतील पक्षकारांना राजधानीपर्यंत हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून आठवड्यातून एक दिवस व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणी घ्यायची, अशी व्यवस्था आम्ही नुकतीच सुरू केली होती. पक्षकाराने जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, तिथल्या कक्षात कॅमेऱ्यासमोर बसावे आणि मी इथे माझ्या कक्षात बसून ऐकावे. या व्यवस्थेचा मला थोडा अभिमानही वाटत असे.

त्या दिवशीच्या यादीत एका वृद्ध विधवेचे प्रकरण होते. तिच्या शेताच्या एका तुकड्याची 'दाखिल-खारिज', म्हणजे आपल्याकडचा फेरफार, दुसऱ्याच्या नावे मंजूर झाली होती. पहाटे घर सोडून, अर्धी वाट पायी आणि अर्धी जीपने, ती जिल्ह्याच्या ठिकाणी आली होती. पडद्यावर ती स्पष्ट दिसत होती. ओठ हलत होते, हात हलत होते. मध्येच तिने पदराची गाठ सोडून एक कागद काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. मात्र आवाज येत नव्हता. आमचा आवाज तिकडे व्यवस्थित पोहोचत होता. तिचा इकडे येत नव्हता.

तंत्रज्ञाला बोलावले. त्याने दोन-तीन वेळा संगणक बंद करून चालू केला आणि 'साउंड कार्ड गेले आहे' असे निदान केले. पेशकारांनी हळूच सुचवले की कागदपत्रे तर नस्तीत आहेतच, त्यावरून निर्णय देऊन टाकता येईल. मी तसे केले नाही, पण फार काही वेगळेही केले नाही. सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. ती तारीख तिला तिकडे ऐकू गेली. तिने कागदाची घडी घातली, गाठ पुन्हा बांधली आणि ती उठली. दुसऱ्या दिवशी नव्या साउंड कार्डाच्या खरेदीचा, तीन दरपत्रके मागवण्याचा प्रस्ताव माझ्यापुढे आला आणि मी त्यावर सही केली, हे इथे कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी घरी एक वेगळेच नाटक चालू होते. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याचे जुने प्लेस्टेशन-२ बंद पडले होते, पण खेळांच्या तबकड्या शाबूत होत्या. त्या संगणकावर चालवण्यासाठी त्याने मित्राकडून पेन ड्राइव्हवर 'पीसीएसएक्स-२' नावाचा एम्युलेटर आणला होता. एम्युलेटर म्हणजे संगणकातला बहुरूपी. आपल्या गावांत बहुरूपी फौजदाराचे सोंग घेऊन दारात उभा राही आणि क्षणभर घरचे लोकही गडबडून जात. तशी ही आज्ञावली दुसऱ्या यंत्राचे सोंग घेते आणि त्या यंत्रासाठी लिहिलेल्या खेळाला आपण आपल्या मूळ घरीच आहोत असे वाटते. मात्र हे सोंग एकसंध नव्हते. चित्रासाठी एक, आवाजासाठी एक, हातातल्या कळांसाठी एक, तबकडी वाचण्यासाठी एक असे निरनिराळे जोडभाग, म्हणजे प्लगइन, मुख्य आज्ञावलीला येऊन मिळत. त्यांतला एक जरी नसला तरी बहुरूप्याची टोपी आहे पण मिशा नाहीत, अशी अवस्था होई.

मुलाच्या पडद्यावर संदेश आला होता की आवाजाचे प्लगइन सापडत नाही. मित्राने फोल्डर उतरवून देताना काही फायली राहून गेल्या होत्या. मुलाने प्रथम काय केले असेल, तर दुसऱ्या एका प्लेअरवर गाणे लावून पाहिले. गाणे वाजले. मी विचारले, "स्पीकरची वायर पाहिलीस का?" तो म्हणाला, "बाबा, गाणे वाजतेय ना? मग वायर कशाला पाहायची?"

नंतर त्याने 'नल' प्रकारचे प्लगइन बसवले. हा प्रकार मला नवा होता. नल प्लगइन जागा अडवते, मुख्य आज्ञावलीकडून येणारा प्रत्येक आदेश निमूटपणे स्वीकारते आणि करत काहीच नाही. त्यामुळे चुकीचा संदेश नाहीसा होतो, खेळ सुरू होतो, चित्र धावू लागते. फक्त आवाज नसतो. मुलाला त्याचा उपयोग होता. बाकी सर्व ठीक आहे, अडचण फक्त आवाजाच्या भागात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. मग त्याने खरे प्लगइन मिळवून योग्य फोल्डरमध्ये ठेवले, तरी ते यादीत दिसेना. फाइल जागेवर होती, पण ती स्वतः ज्या घटकावर अवलंबून होती तो डायरेक्ट-एक्सचा घटक संगणकावर नव्हता. तो घातल्यावर प्लगइन यादीत आले आणि घर मोटारींच्या शर्यतीच्या आवाजाने दणाणून गेले.

तासाभराच्या या खटाटोपात त्याने एकदाही दोन गोष्टी एकदम बदलल्या नाहीत, आणि एकदाही नवीन काही विकत आणण्याची मागणी केली नाही.

सोमवारी कार्यालयात गेल्यावर मी तंत्रज्ञाला बोलावले नाही. संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर स्वतः टिचकी मारली आणि आवाज बाहेर काढणाऱ्या उपकरणांची यादी उघडली. यादीत दोन उपकरणे होती. एक टेबलावरचे स्पीकर. दुसरे, महिन्यापूर्वीच भिंतीवर लावलेला मोठा टीव्ही. पक्षकाराचा चेहरा मोठा दिसावा म्हणून तो आम्ही एचडीएमआय वायरने संगणकाला जोडला होता. हिरवी खूण टीव्हीपुढे होती. एचडीएमआय वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. जोडणी होताच विंडोजने टीव्हीला मुख्य ध्वनी-उपकरण ठरवून टाकले होते. मी एक ध्वनिफीत लावली. टीव्हीच्या नावापुढची हिरवी पट्टी वरखाली होऊ लागली. टीव्हीचा रिमोट शोधला. त्याचा आवाज शून्यावर होता.

म्हणजे त्या दिवशी त्या बाईचा आवाज जिल्ह्यातून निघून, शेकडो किलोमीटर अंतर तोडून माझ्या खोलीत, माझ्यापासून दहा फुटांवर येऊन पोहोचला होता. फक्त तो जिथे पोहोचला होता तिथे कोणी पाहिले नव्हते.

साउंड कार्डाचा प्रस्ताव मागे घेतला. जिल्ह्याला कळवून सहा आठवड्यांची तारीख अलीकडे, त्याच आठवड्यात आणली. बाईला पुन्हा तीच वाट तुडवावी लागली. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर तिने प्रथम विचारले, "साहेब, आज तुमचे कान बरे आहेत ना?" खोलीतले सगळे हसले, मला हसू आले नाही. नंतर तिने जे सांगितले ते तिच्या लेखी अर्जात कुठेही नव्हते. तिने जमीन विकली होती हे खरे, पण विकलेला तुकडा ओढ्याकडचा होता आणि फेरफार झाला तो घराजवळच्या तुकड्याचा. खेसरा क्रमांकाची, म्हणजे आपल्या भाषेत गट क्रमांकाची, अदलाबदल झाली होती. अर्ज लिहून देणाऱ्याने 'फसवणूक झाली' एवढे मोघम वाक्य लिहून पैसे घेतले होते. पदराच्या गाठीतला कागद म्हणजे जुन्या मोजणीच्या नकाशाची नक्कल होती. मी आदेश रद्द करून प्रत्यक्ष पाहणीसह फेरचौकशीसाठी प्रकरण परत पाठवले. पेशकारांच्या सूचनेप्रमाणे नस्तीतल्या कागदांवरून निर्णय दिला असता, तर तो तिच्या विरुद्ध गेला असता, आणि कागदोपत्री त्यात एकही चूक निघाली नसती.

या प्रसंगाने मला विचार करायला लावले. आवाज बंद पडणे ही क्षुल्लक तक्रार वाटते. आपल्यापैकी अनेकजण घरापासून दूर राहतात आणि रविवारी सकाळी गावाकडच्या आईवडिलांना फोनवरून 'तिथे खाली स्पीकरचे चित्र आहे, त्यावर फुली आहे का पाहा' असे समजावत असतात. तेव्हा आपण नकळत जी पद्धत वापरतो ती प्रशासनात का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

ही पद्धत मुळात साधी आहे. आवाज फाइलीतून निघतो आणि कानापर्यंत पोहोचतो. मधल्या वाटेवर पाच-सहा नाकी आहेत. सर्वांत स्वस्त नाक्यापासून तपासत जायचे.

१. स्पीकरला वीज आहे का, वायर हिरव्या रंगाच्या खोबणीत आहे का, हेडफोनची पिन अडकून राहिलेली नाही ना.

२. आवाज शून्यावर किंवा 'म्यूट'वर नाही ना. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, प्रत्येक आज्ञावलीचा आवाज वेगळा ठेवता येतो. त्यामुळे गाणे वाजते पण कॉन्फरन्सिंगचा आवाज बंद, असे होऊ शकते. लिनक्स वापरणाऱ्यांनी 'अल्सामिक्सर' उघडून पट्टीखाली दोन एम ही अक्षरे दिसतात का ते पाहावे; ती दिसली तर मार्ग बंद आहे आणि एम ही कळ दाबली की तो उघडतो.

३. मुख्य ध्वनी-उपकरण कोणते ठरले आहे. टीव्ही, हेडफोन, प्रोजेक्टर जोडला किंवा काढला की हे बदलते. माझ्या कार्यालयातला दोष इथेच होता.

४. दुसऱ्या आज्ञावलीत, दुसऱ्या फाइलीचा आवाज येतो का. आला तर यंत्र निर्दोष आहे. दोष त्या विशिष्ट आज्ञावलीत किंवा तिच्या प्लगइनमध्ये शोधावा.

५. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या ओळीवर पिवळी खूण आहे का. असल्यास ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि प्रणाली यांच्यातला दुभाषी, हरवला किंवा बिघडला आहे.

६. एवढे सगळे झाल्यावरच कार्ड बदलण्याचा विचार.

आमच्या कार्यालयाने सहाव्या पायरीपासून सुरुवात केली होती. याचे कारण अज्ञान एवढेच नव्हे. खरेदीसाठी नस्ती उघडता येते, तिच्यावर टिप्पणी लिहिता येते, सह्या होतात, काम झाल्याचा पुरावा राहतो. म्यूटचे बटण तपासण्यासाठी कोणतीही नस्ती नसते. जे कागदावर दिसत नाही ते करण्याचे श्रेय मिळत नाही, म्हणून ते केले जात नाही. पाणीपुरवठ्याची योजना बंद पडली की नव्या योजनेचा प्रस्ताव येतो. जुन्या योजनेतल्या कोणत्या झडपेवर पाणी अडले आहे हे चालत जाऊन पाहणारा कनिष्ठ अभियंता दुर्मीळ असतो. हेही त्याच प्रवृत्तीचे रूप आहे.

नल प्लगइनने तर मला अधिकच अस्वस्थ केले. जागा भरलेली, तक्रार शून्य आणि काम शून्य. आपल्याकडे 'तक्रार निवारण कक्ष' अशी पाटी असलेल्या कितीतरी खोल्या नेमक्या या जातीच्या असतात. तिथे अर्ज स्वीकारला जातो, पोचपावती मिळते, व्यवस्थेला कोणताही चुकीचा संदेश दिसत नाही. प्लगइन मुळीच नसते तर निदान 'सापडत नाही' असा संदेश तरी आला असता. रिकामे पद हा उघड दोष आहे. नल पद हा झाकलेला दोष आहे. तात्पुरत्या तपासणीसाठी नल प्लगइन उपयोगी असते, पण ते तसेच ठेवून देणे म्हणजे मुकेपणाला व्यवस्था म्हणणे होय.

आता हरवलेल्या जोडभागांचा प्रश्न थोडा व्यापक करून पाहू. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले 'जिस्ट' कार्ड जुन्या वाचकांना आठवत असेल. ते संगणकात बसवले की डॉसवर चालणाऱ्या साध्या आज्ञावल्यांमध्येही देवनागरी अक्षरे उमटत. शासकीय कार्यालयांत भारतीय भाषांना त्यामुळे मोठा आधार मिळाला. पण ते कार्ड नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. माहिती पूर्ण शाबूत, पण तिला वाचा देणारा भाग नाही. पुढे ब्राउझरच्या प्लगइनांचे युग आले. अनेक संकेतस्थळांवर निविदा भरताना डिजिटल सहीसाठी जावाचे प्लगइन लागे, प्रशिक्षणाचे बोलके धडे फ्लॅशवर चालत. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लगइनांचा आधार काढून घेतला. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे एखादे काम मुके झाले, आणि त्यासाठी एक जुना संगणक कोपऱ्यात जपून ठेवावा लागला. त्या संगणकाचा पासवर्ड एकाच कर्मचाऱ्याला ठाऊक असतो आणि तो कर्मचारी निवृत्तीला आलेला असतो.

इंग्लंडमधले एक उदाहरण बोलके आहे. तिथे १०८६ साली केलेल्या जमीन-पाहणीची 'डूम्सडे बुक' ही नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने सर्व देशाची नवी माहिती लेझर तबकड्यांवर साठवली. ती वाचणारी यंत्रे पंधरा-सोळा वर्षांतच दुर्मीळ झाली आणि २००२ च्या सुमारास संशोधकांना मुद्दाम एम्युलेटर तयार करून ती माहिती पुन्हा जिवंत करावी लागली. आपल्याला हे समजायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल आजही आहेत. कागद टिकला, शाई टिकली, पण मोडी वाचणारी माणसे थोडी उरली. मोडी-वाचक हे त्या दप्तराचे प्लगइनच होय, आणि ते बाजारात विकत मिळत नाही, शिकवून तयार करावे लागते.

कायदा याबाबत मुका नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ प्रमाणे, जे अभिलेख जतन करणे कायद्याने आवश्यक आहे ते इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवले तर ती माहिती पुढेही संदर्भासाठी वापरता येईल अशी राहिली पाहिजे. नुसती साठवण पुरेशी नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या व्याख्येत संगणकातून निर्माण झालेले साहित्यही येते. शासनाने २०१० मध्येच ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले, त्याचा हेतूही कोणा एकाच्या जोडभागावर कारभार अडून राहू नये हाच आहे. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेतलेला पुरावा ग्राह्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका फौजदारी प्रकरणात २००३ मध्ये सांगितले; २०२० च्या महामारीत तर सर्व न्यायव्यवस्था या पडद्यांवर उभी राहिली. त्या काळात न्यायालयांसाठी जे आदर्श नियम झाले त्यांत दोन्ही टोकांना समन्वयक नेमण्याची तरतूद आहे. हे योग्यच आहे. महसुली, पेन्शनच्या, माहिती अधिकाराच्या सुनावण्यांनाही हीच शिस्त हवी.

माझ्या सूचना थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. प्रत्येक सुनावणीपूर्वी दोन्ही टोकांनी एकमेकांचे नाव उच्चारून ऐकू आल्याची खात्री करावी आणि तशी नोंद रोजनाम्यात घ्यावी. आवाज बंद पडल्यास वरील तपासणी पंधरा मिनिटांत करावी. तरीही न जमल्यास साध्या दूरध्वनीवरून ऐकावे. पुढची तारीख द्यावीच लागली, तर ती तांत्रिक दोषामुळे दिली असे स्पष्ट लिहावे आणि आठवड्याच्या आतली द्यावी. आपल्या यंत्राच्या दोषाचा भुर्दंड अर्जदारावर पडू नये. कार्यभार सोपवताना खुर्च्या-कपाटांच्या यादीबरोबर आणखी एक यादी द्यावी: कोणती आज्ञावली कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या ड्रायव्हरवर, कोणत्या प्लगइनवर आणि कोणत्या माणसावर अवलंबून आहे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आणि दुरुस्तीचा खर्च मागण्यापूर्वी पहिल्या पाच पायऱ्या तपासल्याचे प्रमाणपत्र प्रस्तावासोबत जोडणे सक्तीचे करावे. कागदाशिवाय आपल्याकडे काम होत नसेल, तर तपासणीलाच कागद मिळवून द्यावा.

माझा मुलगा आता नोकरीनिमित्त परगावी असतो. मध्यंतरी त्याने सांगितले की त्या एम्युलेटरच्या नव्या, २०२४ च्या आवृत्तीत वेगळी प्लगइन राहिलीच नाहीत. सर्व भाग मुख्य आज्ञावलीत सामावून घेतले आहेत. आता काही हरवत नाही. शासनाचे मात्र तसे होणार नाही. आपली व्यवस्था ही माणसांच्या, नियमांच्या आणि यंत्रांच्या जोडभागांचीच राहणार आहे, आणि त्यांतला कुठला तरी भाग नेहमीच हरवलेला असणार आहे. तेव्हा ऐकू आले नाही तर समोरचा बोलत नाही असे समजू नये. आधी आपल्या भिंतीवरचा आवाज शून्यावर नाही ना, ते उठून पाहावे.